जपानच्या केअर होममध्ये रोबो नेमकं काय करतात? रात्रपाळी करणाऱ्या मराठी मुलीकडून समजून घ्या

पांढऱ्या अस्वलासारखा चेहरा असलेला एक रोबो एका बाईंना पलंगावरून अलगद उचलतोय, हा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. कॅप्शन ठरलेलं असतं, "जपान २०५० मध्ये जगतंय". आणि खालच्या कमेंट्सही ठरलेल्या. अर्धे म्हणतात "वा, काय प्रगती!", उरलेले म्हणतात "आता नर्सच्या नोकऱ्या गेल्याच".

त्या रोबोचं नाव रोबेअर. रिकेन ही जपानची मोठी संशोधन संस्था आणि सुमितोमो रिको ही कंपनी, या दोघांनी मिळून तो २०१५ मध्ये दाखवला. त्याचं वजन १४० किलो. माणसाला दोन हातांवर पुढे धरून उचलायचं म्हणजे तोल जाऊन स्वतःच पडू नये, म्हणून खालचा भाग जड ठेवावा लागतो आणि पायही बाजूला पसरावे लागतात. पण व्हिडिओत एक गोष्ट कोणी सांगत नाही. तो प्रयोगशाळेतला नमुना होता, विक्रीला कधी आलाच नाही.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. जीएनएम नर्सिंग केलं, पुण्यात जपानी भाषा शिकले आणि आता दोन वर्षं जपानमधल्या एका केअर होममध्ये 'काइगो' म्हणजे केअर वर्करचं काम करते. त्यामुळे गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो, "तिकडे सगळं रोबोच करतात ना गं? मग तू काय करतेस?" उत्तर एका व्हॉइस नोटमध्ये मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी हे केअर होम काय असतं ते समजून घ्या

'वृद्धाश्रम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते थोडं बाजूला ठेवा. जपानमध्ये २००० सालापासून दीर्घकालीन काळजीचा विमा आहे. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. म्हातारपणी चालता येईना, स्मृतिभ्रंश झाला, की त्या विम्यातून घरी मदतनीस येतो किंवा होममध्ये जागा मिळते. म्हणजे इथे राहणारे लोक 'टाकून दिलेले' वगैरे नाहीत. बऱ्याच जणांची मुलं रविवारी भेटायला येतात.

माझ्या होममध्ये दहा-दहा जणांची युनिट्स आहेत. दिवसा माणसं बरी असतात. रात्री मात्र दोन युनिट्सना मिळून एक जण, म्हणजे वीस जणांमागे एकटी मी. दुपारी चारच्या सुमारास ड्युटी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संपते, मध्ये विश्रांती धरून. वीसपैकी सहा-सात जण रात्री उठतात, त्यातले तीन-चार उठले की पडू शकतात. पडले तर खुब्याचं हाड मोडतं, आणि ऐंशी-नव्वदीत खुबा मोडला की पुन्हा उभं राहणं कठीण असतं. हे गणित लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तंत्रज्ञान या एका रात्रीभोवती फिरतं.

(आणखी एक. इथे कोणाला 'आजी', 'आजोबा' म्हणायचं नाही असं प्रशिक्षणातच सांगतात. आडनाव आणि पुढे 'सान'. मला पहिले काही महिने हे फार कोरडं वाटलं. आता पटतं.)

गादीखालचा सेन्सर : हा आमचा खरा 'रोबो'

याला ना चेहरा, ना हात, ना डोळे. गादीच्या खाली, छातीच्या जागी एक पातळ पट्टी ठेवलेली असते, बस्स. जपानमध्ये पॅरामाउंट बेड कंपनीचं 'नेमुरी स्कॅन' हे यातलं खूप वापरलं जाणारं उपकरण. 'नेमुरी' म्हणजे झोप.

तुमच्या स्मार्टवॉचला नाडी कशी कळते? मागचा हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो आणि रक्तामुळे किती प्रकाश शोषला गेला ते मोजतो. त्यासाठी घड्याळ अंगाला चिकटून असावं लागतं. गादीखालचा सेन्सर अंगाला शिवतही नाही, मग त्याला कसं कळतं?

समजा तुम्ही होडीत उभे आहात आणि हातातला नारळ जोरात पुढे फेकला. होडी किंचित मागे सरकते. हृदयही तेच करतं. प्रत्येक ठोक्याला ते रक्त जोरात पुढे ढकलतं आणि त्या धक्क्याने सगळं शरीर केसभर हलतं. तुम्हाला जाणवत नाही, पण गादीतून ते कंपन खाली पोचतं. श्वासाने छाती वर-खाली होते, तिची लाट वेगळी. श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस, म्हणजे संथ मोठी लाट. ठोके साठ ते शंभर, म्हणजे त्या लाटेवरच्या बारीक लहरी. सॉफ्टवेअर या दोन्ही वेगळ्या काढतं. अंगाची हालचाल किती आहे त्यावरून झोप की जाग ते ठरवतं, आणि सगळीच कंपनं थांबली तर माणूस पलंगावर नाही असं समजतं. (हो, दुसरी शक्यता तुमच्या मनात आली असेल. तीही असते. म्हणूनच स्क्रीनवर 'बेड रिकामा' दिसलं की चालत नाही, धावतच जायचं.)

स्टेशनवरच्या स्क्रीनवर वीस चौकोन असतात. कोण झोपलंय, कोण जागं आहे, कोण उठून बसलंय, कोण पलंगावर नाही, सगळ्यांचे रंग वेगळे. तीच माहिती खिशातल्या फोनवर येते.

यामुळे काय बदललं? जुने सहकारी सांगतात, पूर्वी दर दोन तासांनी प्रत्येक खोलीचं दार उघडून, टॉर्च मारून, माणूस श्वास घेतोय ना ते बघायचे. दाराचा आवाज झाला की झोपलेला माणूस जागा व्हायचा, जागा झाला की उठायचा, उठला की पडायचा. म्हणजे सुरक्षेसाठी मारलेली फेरीच धोका तयार करायची. आता स्क्रीनवर 'झोप' दिसत असेल तर मी त्या खोलीत जात नाही. आणि डायपर बदलायचा असेल तर जो जागा आहे त्याच्याकडे आधी जाते. वाचायला साधं वाटतं, पण रात्री तीन वाजता कुणाची गाढ झोप न मोडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी घरी आजारी माणसाचं केलंय त्यांनाच कळेल.

आता याची दुसरी बाजू. आमच्याकडे एक आजोबा (लेखात म्हणते हं) दर वीस मिनिटांनी कूस बदलायचे. सुरुवातीला त्यांच्या खोलीचा अलार्म 'उठतोय' या टप्प्यावर लावला होता. एका रात्रीत तो इतक्या वेळा वाजला की मोजणं सोडून दिलं. दर वेळी मी धावत जाणार, ते शांतपणे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. अलार्म फुकट वाजत राहिला की माणसाचं मन त्याला हळूहळू आवाजच समजेनासं होतं. हॉस्पिटलच्या आयसीयूतही हीच तक्रार असते. शेवटी आमच्या युनिट लीडरने त्यांच्या पंधरा दिवसांच्या झोपेचा आलेख काढला. ते खरोखर उठतात ते साधारण एक आणि चार वाजता, लघवीसाठी, असं दिसलं. मग पावणेएक आणि पावणेचारला मीच जाऊन विचारू लागले, आणि अलार्म 'पाय खाली सोडले' या टप्प्यावर आणला. सेन्सर तोच होता. उपयोग झाला तो कोणीतरी आलेख वाचून माणसाची सवय ओळखली म्हणून.

लघवी कधी लागणार हे फोन सांगतो?

हो, अगदी खरं. डी-फ्री नावाचं छोटं उपकरण आहे, ट्रिपल डब्ल्यू या जपानी कंपनीचं. नावाचा अर्थच 'डायपरपासून मुक्ती'. ओटीपोटावर चिकटवायचं. गरोदर बाईची सोनोग्राफी असते ना, तेच तंत्र. अल्ट्रासाउंडच्या लहरी आत जातात आणि मूत्राशयाच्या पुढच्या-मागच्या भिंतींवर आपटून परत येतात. मूत्राशय भरत गेलं की भिंती लांब जातात, प्रतिध्वनी यायला लागणारा वेळ बदलतो. त्यावरून किती भरलंय याचा अंदाज, आणि फोनवर नोटिफिकेशन : आता न्यायला हरकत नाही.

हसू नका. ज्या माणसाला लघवी लागली हे सांगता येत नाही, त्याच्यासाठी दोनच पर्याय उरतात. एक, घड्याळ लावून सगळ्यांना रांगेने टॉयलेटला बसवणं. दोन, डायपर. बरेच लोक डायपर लागल्या दिवसापासून बोलणं कमी करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे हे उपकरण काही जणांवर वापरून पाहिलं. बारीक अंगाच्या एका बाईंना छान जमलं. एकांनी ते दर अर्ध्या तासाने काढून टेबलावर ठेवलं, कारण पोटाला हे काय चिकटलंय हेच त्यांना आठवायचं नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या अंगावर लावायच्या प्रत्येक वस्तूची ही अडचण असते, मग ते घड्याळ असो की जीपीएसचं लॉकेट. गादीखालचा सेन्सर इतका चालतो त्याचं निम्मं कारण तो कोणाला दिसतच नाही.

माणूस उचलणारी यंत्रं आणि आमची कंबर

या कामात सगळ्यात आधी जाते ती कंबर. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये कंबरदुखीबद्दलच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या. त्यात स्पष्ट आहे की माणसाने माणसाला निव्वळ हाताच्या ताकदीने उचलणं शक्यतो टाळावं. मग उचलायचं कशाने?

एक प्रकार म्हणजे झोळीचा लिफ्ट, तो जुना आणि भरवशाचा. दुसरा अंगावर घालायचा. सायबरडाइन कंपनीचा 'हॅल' कंबरेला बांधतात. स्नायूला मेंदूकडून हुकूम जातो तेव्हा कातडीवर अगदी बारीक विद्युत संकेत उमटतो, तो पकडून मोटर तुम्हाला जोर देते. इनोफिसच्या 'मसल सूट'मध्ये मोटर नाही, हवा भरलेल्या नळ्या फुगून आखूड होतात आणि तुम्हाला सरळ करतात.

तिसरा मला सर्वांत आवडतो, त्याच्या कुळामुळे. नाव 'हग', कंपनी फुजी, आइची प्रांतातली. ही कंपनी मूळची कोणत्या यंत्रांसाठी ओळखली जाते माहितीये? सर्किट बोर्डवर चिप्स आणि बारीक सुटे भाग बसवणाऱ्या यंत्रांसाठी. तुमच्या फोनच्या आत जसा बोर्ड असतो ना, तसलेच. मिलिमीटरपेक्षा लहान भाग अचूक जागी ठेवणाऱ्या लोकांनी विचार केला की माणूसही पलंगावरून खुर्चीवर ठेवता येईल. हगच्या पुढे उशीसारखी गादी असते. माणूस तिला मिठी मारून पुढे झुकतो आणि यंत्र त्याला उभं करून वळवतं.

चालतं का? चालतं, पण ज्याच्या पायांत थोडा जोर आहे आणि ज्याला पुढे झुकता येतं, त्याच्याचसाठी. शिवाय वेळ. यंत्र कोपऱ्यातून आणा, व्हीलचेअर सरकवा, ब्रेक लावा, पाय ठेवून घ्या, मग बटण. तेवढ्यात दोन अनुभवी माणसं तिघांना उचलून मोकळी होतात, आणि घाईच्या सकाळी तसंच करतात. मीही करते. पन्नाशीतल्या एका सहकारी बाईंनी मला एकदा शांतपणे सांगितलं, "आज वाचवलेली पाच मिनिटं तुझी कंबर वीस वर्षांनी व्याजासकट मागेल." त्या पट्टा बांधल्याशिवाय कामावर येत नाहीत.

पारो : सीलचं पिल्लू

आता गोड रोबोकडे येऊ. पारो म्हणजे पांढऱ्या मऊ केसांचं सीलचं पिल्लू. जपानच्या एआयएसटी या संस्थेतले संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या नवजात बाळाएवढं. मांडीवर घेतलं की हात आपोआप थोपटायला लागतात. केसांखाली स्पर्शाचे सेन्सर, शिवाय प्रकाश, आवाज, तापमान आणि आपण कसे धरलेत याचे सेन्सर. कुरवाळलं की डोळे मिटतो, नाव घेतलं की मान वळवतो. चार्जर बाळाच्या चोखणीसारखा, तोंडात द्यायचा! अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा दिला. तिथे किंमत सुमारे ६००० डॉलर.

सीलच का, मांजर का नाही? मांजर कशी वागते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे रोबो-मांजराची चूक लगेच पकडली जाते. सीलच्या पिल्लासोबत राहिलंय कोण? तुलनाच करता येत नाही, म्हणून ते खरं वाटतं. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

पण उपयोग होतो का? यावर ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी झाली, निकाल २०१७ मध्ये आला. २८ केअर होम, स्मृतिभ्रंश असलेले ४१५ लोक, दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं. तीन गट केले. एकाला चालू पारो, दुसऱ्याला तोच पारो पण रोबोपणा बंद केलेला म्हणजे नुसतं मऊ खेळणं, तिसऱ्याला नेहमीची काळजी. चालू पारोवाले लोक बंद पारोवाल्यांपेक्षा जास्त बोलले, जास्त वेळ त्याच्याकडे बघत राहिले. नेहमीच्या काळजीपेक्षा पारोवाल्यांचा आनंद जास्त आणि अस्वस्थता कमी, असं व्हिडिओ निरीक्षणात दिसलं. मात्र अस्वस्थता मोजायची जी ठरलेली प्रश्नावली आहे, तिच्यात तिन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे 'जादू' नाही आणि 'फालतू' पण नाही. सहा हजार डॉलर द्यायचे की नाही, हे मग तुमच्या खिशावर.

मला स्वतःला पारो आवडतो, पण एक गोष्ट खटकते. एक बाई त्याला मांडीवर घेऊन त्याच्याशी तासभर बोलायच्या. चांगलंच होतं. पण आम्ही घाईत असलो की "त्यांना पारो दे" हे वाक्य फार सहज तोंडात येऊ लागलं. रडणाऱ्या बाळाच्या हातात मोबाइल देतात ना, अगदी तसं. त्या बाईंना खरं तर खिडकीपाशी बसून रस्ता बघायचा असायचा, आणि त्यासाठी कोणीतरी खुर्ची ढकलायला हवी असायची.

मग अभ्यास करणारे काय म्हणतात?

जेम्स राइट नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी जपानच्या कानागावा प्रांतातल्या एका केअर होममध्ये राहून हग, पारो आणि पेपर या तिघांचा वापर जवळून पाहिला आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक आलं. (पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. सॉफ्टबँकेचा १२० सेंटिमीटर उंचीचा मोठ्या डोळ्यांचा बोलका रोबो, २०१४ मध्ये जाहीर झालेला. पुढे त्याचं उत्पादन थांबवलं.)

त्यांना दिसलं ते असं. हग काही दिवसांतच कोपऱ्यात गेला, कारण खोल्या-खोल्यांतून ढकलत नेण्यात वेळ जायचा. पारोबाबत एक रहिवासी त्याची कातडी सोलायचा प्रयत्न करायची, तर दुसरी त्याच्याशिवाय जेवायला किंवा झोपायला तयार होईना. म्हणजे पारोवर लक्ष ठेवायला माणूस हवा. पेपर व्यायाम घ्यायचा, पण त्याच्या शेजारी एक कर्मचारी उभी राहून त्याच्याच सूचना पुन्हा मोठ्याने सांगायची आणि हात वर करून दाखवायची. वाचताना मी हसले, कारण हे दृश्य मला माहीत आहे.

थोडक्यात, रोबोंनी काम वाचवण्याऐवजी नवीन काम तयार केलं : रोबोचीच देखभाल. आकडेही तेच सांगतात. जपान सरकारने २०१८ पर्यंत अशा उपकरणांच्या संशोधनावर ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला होता. तरीही २०१९ मध्ये ९००० हून अधिक संस्थांची पाहणी झाली तेव्हा कुठलातरी केअर रोबो आणलाय असं सांगणाऱ्या फक्त १० टक्क्यांच्या आसपास होत्या.

तेव्हापासून गादीखालचे सेन्सर, टॅब्लेटवर नोंदी, कानातले इंटरकॉम हे साधे प्रकार पुढे सरकले. २०२४ पासून असं तंत्रज्ञान वापरून कामाची पद्धत सुधारणाऱ्या होमना विम्यातून जादा पैसेही मिळतात. मोठ्या रोबोचं स्वप्न मात्र संपलेलं नाही. वासेदा विद्यापीठातला एआयरेक नावाचा १५० किलोचा माणसासारखा रोबो २०२५ मध्ये बातम्यांत होता. तो झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवून दाखवतो. डायपर बदलताना लागते ती हालचाल हीच, त्यामुळे निवड बरोबर आहे. पण माणसाच्या अंगावर १५० किलोचं यंत्र वाकतंय म्हटल्यावर सुरक्षेची परीक्षाही तेवढीच कडक हवी.

तर मग नोकऱ्या जाणार का?

काइगोसाठी यायचा विचार करणारे बरेच जण मला हेच विचारतात. भारत आणि जपान यांच्यात २०२१ च्या जानेवारीत 'विशिष्ट कुशल कामगार' योजनेचा करार झाला, काइगो त्यातलंच एक क्षेत्र. एन-४ पातळीची जपानी किंवा तिच्या तोडीची परीक्षा, शिवाय काळजीच्या कामाची आणि त्या कामातल्या भाषेची अशा परीक्षा द्याव्या लागतात.

जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०४० पर्यंत २०२२ च्या तुलनेत आणखी सुमारे ५ लाख ७० हजार केअर वर्कर लागतील. देशात १०० पैकी २९ लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. त्यामुळे रोबो येऊन मला घरी पाठवतील ही भीती मला नाही. माझी भीती वेगळी आहे. २०२१ मध्ये नियम बदलला : सगळ्या खाटांना सेन्सर वगैरे अटी पूर्ण असतील तर काही प्रकारच्या होममध्ये रात्रीच्या माणसांची किमान संख्या थोडी कमी चालते. सेन्सर एकाच वेळी वीस जणांकडे बघू शकतो, हे मान्य. पण दोन खोल्यांत एकदम दोघं उठले तर धावणारे पाय दोनच. सेन्सरमुळे वाचलेला वेळ माणसांशी बोलायला मिळणार, की त्या वेळेइतकी माणसंच कमी होणार? हा प्रश्न इंजिनिअरच्या हातात नाही, तो पगाराचं बजेट करणाऱ्याच्या हातात आहे. मुलाखतीत होमला जरूर विचारा, "रात्री एका माणसामागे किती रहिवासी?" रोबो किती आहेत ते विचारलं नाही तरी चालेल.

आणि आपल्या घरी?

'वेल्फेअर टेक्नॉलॉजी' हा शब्द डेन्मार्ककडून आला. तिथल्या नगरपालिकांनी छताला लावलेले लिफ्ट, जेवण भरवायला मदत करणारी उपकरणं यांच्याबरोबर आणखी एका वस्तूचा प्रसार केला : पाण्याने धुणारं टॉयलेट! म्हाताऱ्या माणसाला पुसायला दुसऱ्याची मदत लागू नये म्हणून. आपल्याकडे जेट स्प्रे बसवायला प्लंबर एक तास घेतो, आणि आपण त्याला तंत्रज्ञान म्हणतही नाही. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण काळजीचं तंत्रज्ञान कशाला म्हणायचं ते त्यातून कळतं. ज्यामुळे माणसाला एक काम पुन्हा स्वतःचं स्वतः करता येतं, ते.

त्या हिशोबाने आजीसाठी पहिली खरेदी स्मार्टवॉच नको. बाथरूमच्या भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा, पलंगापासून टॉयलेटपर्यंत रात्री आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा, कमोड खुर्ची. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली. त्यात ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. आधार आणि बँक खाते जोडण्याची कटकट घरातल्या तरुणांनीच करायची असते, म्हणजे तुम्ही. आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आजीच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

त्यानंतर घड्याळ घ्यायचं तर घ्या. पडल्याचं ओळखणारी घड्याळं आतल्या मोशन सेन्सरवर चालतात. अचानक जोराचा धक्का आणि मग हालचालच नाही, असा नमुना दिसला की ती फोन लावतात. पण भिंतीला टेकून हळूहळू घसरत खाली बसलेलं माणूस त्यांना ओळखता येईलच असं नाही, आणि म्हातारी माणसं बऱ्याचदा तशीच पडतात. शिवाय बाथरूमला जाताना आजी घड्याळ काढून ठेवते.

राहिला कॅमेरा. दीड-दोन हजारांत वायफाय कॅमेरा मिळतो, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणारी बरीच मुलं तो गावी आईच्या किंवा आजीच्या खोलीत बसवतात. काळजीपोटीच, मान्य. पण आमच्या होममध्ये खोलीत काहीही लावायचं तर रहिवाशाला आणि घरच्यांना समजावून संमती घेतात, आणि जिथे बघणं गरजेचंच असतं तिथे चेहरा न दिसता फक्त आकृतीची सावली दाखवणारे इन्फ्रारेड सेन्सर मिळतात. विसरणाऱ्या माणसालाही कपडे बदलताना कोणी बघू नये असं वाटतं. गावी फोन करून आजीला विचारा, "लावू का?" ती नको म्हणाली तर दाराला लावायचा साधा सेन्सर बघा. सकाळी नऊपर्यंत दार उघडलं नाही तर तुमच्या फोनवर मेसेज येईल, एवढ्यावरही पुष्कळ भागतं.

आणि काहीही लावलंत तरी एक गोष्ट आधी ठरवा. रात्री दोनला अलर्ट आला आणि तुम्ही दोनशे किलोमीटरवर आहात. गावात कोणाच्या हातात किल्ली आहे? त्या शेजारच्या काकूंचा नंबर ॲपमध्ये पहिला टाका, आणि त्यांना तसं आधी सांगून ठेवा.